सव्वादोन तोळे की तीन

८ ऑक्टोबर, रविवार

आजपासून रोजनिशी. कोणी वाचू नये. वसुधा वाचणार नाही, तिला माझं अक्षर लागत नाही.

कारण मोठं आहे. सकाळी गावाहून नानांचा फोन. नाना म्हणजे माझे सख्खे काका, वय एक्याऐंशी, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. म्हणाले, यंदा जत्रेतलो बार माझ्याच्यान होवचो नाय, घरातलो कोणतरी होयो. 'कोणतरी' म्हणाले. नाव घेतलं नाही, पण मला समजलं.

पालखी देवळातून निघून जुन्या आंब्याखाली येते. तिथे आमच्या घराण्याचा मानाचा बार. नानांची ती इंग्रजांच्या काळातली एकबारी रायफल, आणि फांदीला टांगलेला नारळ. धडाम्, नारळ खाली, पालखी पुढे. मी सात वर्षांचा असताना स्वतः पाहिलंय.

खरं तर मान बाबांचा. ते थोरले. पण गिरणीत नोकरी, मुंबईत मुक्काम, म्हणून बंदूक धाकट्याकडे गेली. बाबा कधी बोलले नाहीत. रजा मिळो न मिळो, जत्रेला मात्र जायचेच. आणि त्या एकुलत्या एका वर्षी मला नेलं तर ऐन बाराच्या वेळी गायब. मी गर्दीत बाबा बाबा करतोय आणि आई म्हणते, चहाला गेलेत. घटकाभराने आले ते मान खाजवत. तांबड्या मुंग्या चावल्या होत्या. कुठल्या टपरीवर बसले होते कोण जाणे. पुढे माझी दहावी व्हायच्या आत गेले. पण त्या चहाचा राग माझ्या मनात अजून आहे.

असो. बार मी काढणार. थोरल्या घरचा मान थोरल्या घरात.

१० ऑक्टोबर

ऑफिसात काम कमी. (आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. मी तक्रारी घेतो. आज दोनच लिफ्ट अडकल्या.) दिवसभर अभ्यास.

नानांची रायफल म्हणजे मोठ्या बोअरची, म्हणजे रुंद भोकाच्या नळीची, काळ्या दारूच्या काडतुसाची. एकोणिसाव्या शतकातला माल. या रायफलींत सगळं ठरतं एकाच गोष्टीवर: गोळीचं वजन. हलकी गोळी वेगाने जाते, खांद्याला धक्का कमी देते, पण लांबवर दम टाकते. जड गोळी सावकाश निघते, वाऱ्याला जुमानत नाही, पण खांदा मागते. शिवाय जड गोळी लांब असते, तिला नळीतला पीळ जास्त लागतो. नाहीतर हवेत कोलांट्या.

वजन मोजतात ग्रेनमध्ये. ४०५, ४८०, ५००, ५४०. मी शोध लावला की एक तोळा म्हणजे १८० ग्रेन. म्हणजे ४०५ बरोबर सव्वादोन तोळे, ५४० बरोबर तीन. ४८० आणि ५०० तोळ्यांत नीट बसत नाहीत, म्हणून बाद.

एका दिवसात एवढं. गावात एवढी माहिती कोणालाच नसेल.

११ ऑक्टोबर

संकल्प: धक्का सोसायला रोज वीस पुशअप्स. आज चार. सुरुवात चारनेच करावी असं कुठेतरी वाचलंय.

वसुधा म्हणाली, आधी वजन बघा स्वतःचं. ब्याण्णव निघालं. काटा जुना आहे.

१५ ऑक्टोबर

परदेशी लोकांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर प्रश्न टाकला होता. सव्वादोन की तीन, सविस्तर मांडलं. एका म्हाताऱ्याने उलट विचारलं, लक्ष्य किती लांब? मी प्रामाणिकपणे लिहिलं, आमच्या सोसायटीच्या गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत असेल. तो म्हणाला, एवढ्यावर कुठलीही चालेल, दगड मारलास तरी चालेल.

या लोकांना नारळ माहीत नाही. ग्रुप सोडला.

१८ ऑक्टोबर

अडचण. बोअर किती ते कळल्याशिवाय गोळी ठरत नाही. राजेशला फोन केला. राजेश माझा चुलतचुलत भाऊ, गावीच असतो, रिक्षा चालवतो. म्हटलं, नळीचं भोक मोजून सांग. तो म्हणाला, नानांक इचारतंय. परत फोन आला, नाना म्हणतत आंगठो जाता.

घरी आल्यावर स्वतःचा अंगठा मोजला. हा जर नळीत जात असेल तर ही बंदूक हत्तीची आहे, आणि गोळी पावशेराची लागेल. वसुधाचा मोजला, जरा बारीक. चौथीतल्या जान्हवीचा मोजला, ती म्हणाली बाबा गुदगुल्या होतात. ऑफिसात सुबोधचा मोजला. तो माझ्या शेजारी बसतो. हल्ली जरा सरकून बसतो.

निष्कर्ष: अंगठ्यात माणसागणिक फरक पडतो. नानांचाच हवा.

२१ ऑक्टोबर

राजेशला सोपी पद्धत सांगितली. स्टॅम्पपॅड घे, कोरा कागद घे, नानांचा अंगठा त्यावर घे, फोटो पाठव. कशाला ते नानांना सांगू नकोस, सरप्राइज आहे. विज्ञान म्हणजे दुसरं काय, नीट मोजमाप.

२२ ऑक्टोबर

वाट लागली.

राजेश कोरा कागद आणि शाईचा पॅड घेऊन ओटीवर गेला आणि म्हणाला, मुंबयच्या चंदूक तुमचो आंगठो होयो.  नाना सगळी वाडी गोळा होईल एवढ्या मोठ्याने ओरडले. जमीन सामाईक, आंब्याची कलमं सामाईक, सातबाऱ्यावर माझं नाव आहेच, पण खाली कुठेतरी. त्यांना वाटलं मी सगळंच लिहून घेतोय.

मला फोन करून म्हणाले, साठ वर्सां सही करतंय मी, जित्या माणसाचो आंगठो कोण मागता रे? मी सांगायला गेलो की बंदुकीच्या भोकासाठी हवाय. हे ऐकून जास्तच भडकले. बार राजेश काढतलो म्हणाले आणि फोन ठेवला.

राजेश! ज्याला ग्रेन म्हणजे काय ते ठाऊक नाही!

आज पुशअप्स नाहीत. मन थाऱ्यावर नाही.

२४ ऑक्टोबर, दसरा

वसुधाने नानांना फोन केला. मी मागे उभा. तिने सोनं घ्या म्हटलं, मग हळूच म्हणाली, यांना फक्त बंदुकीचं वेड लागलंय नाना, जमिनीतलं यांना काही कळत नाही, आंब्याच्या झाडाला फणस म्हणतील. अपमानास्पद होतं, पण चाललं. नाना हसले म्हणे. जत्रेक येवंदे, मगे बघू, म्हणाले.

'मगे बघू' म्हणजे होच.

बोअर अंदाजे पंचेचाळीस, म्हणजे इंचाचे शंभरातले पंचेचाळीस भाग, धरलं. शास्त्रात कुठेतरी गृहीत धरावंच लागतं.

संध्याकाळी आपट्याची पानं वाटताना मी विचारात होतो, तोंडातून निघून गेलं, सव्वादोन तोळे की तीन? वसुधा जागच्या जागी थांबली. म्हणाली, तीन. तिचं मत मोलाचं आहे. रात्री जेवायला श्रीखंड होतं, आणि मला दोनदा वाढलं.

२५ ऑक्टोबर

वसुधाला कळलं की तीन तोळे शिशाचे आहेत. कालचं श्रीखंड उरलं होतं, ते शेजारी गेलं.

४ नोव्हेंबर

आकड्यांवरून अंदाज येत नाही. वजन हातात घेऊन बघायला हवं. मढला गेलो, तिथे जाळ्याला लावायचं शिसं मिळतं. सरूबाई नावाच्या कोळणीकडे होतं. मी म्हटलं, एक सव्वादोन तोळ्यांचं आणि एक तीन तोळ्यांचं द्या. तिने माझ्याकडे वरून खाली पाहिलं आणि विचारलं, कंच्या म्हावऱ्यासाठी? मी म्हटलं, नारळासाठी. तिने मूठभर शिसं पुडीत बांधून दिलं आणि म्हणाली, जा बाबा, उन्हात फिरू नको.

घरी तासून, मोजून दोन तुकडे तयार केले. गोळ्या नव्हेत, फक्त वजनं. डाव्या खिशात सव्वादोन, उजव्या खिशात तीन. आठवडाभर वागवणार. जो खिसा मनाला पटेल तो.

६ नोव्हेंबर

घाटकोपरला मेट्रोच्या तपासणीत यंत्र वाजलं. शिपायाने दोन्ही खिसे रिकामे करायला लावले. हे काय? मी खरं सांगणार होतो, पण मागे रांग होती आणि 'गोळी' हा शब्द त्या जागी बरा नव्हे एवढं मला कळतं. तो म्हणाला, मासे पकडता का काका? मी हो म्हटलं. मग तो पवईच्या तलावात काय लागतं ते सांगत बसला. मी मान डोलावली.

ऑफिसच्या लिफ्टमध्ये पाटी वाचली: सहा माणसं, ४०८ किलो. ४०५ च्या इतक्या जवळ! शकुन मानावा काय?

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

सोसायटीतल्या पोरांनी जिन्याखाली सुतळी बॉम्ब लावला. माझ्या हातातला चहा माझ्याच सदऱ्यावर. जान्हवी हसली. म्हणाली, बाबा, तू बंदूक उडवणार ना? मी तिला समजावलं की अचानक आवाज वेगळा आणि आपण स्वतः केलेला आवाज वेगळा. मान्य नव्हतं तिला. पण तीही येणार आहे जत्रेला. बापाला बार काढताना बघणार. मला नाही मिळालं, तिला मिळेल.

पुशअप्स सणामुळे बंद.

१९ नोव्हेंबर, रविवार

आरे कॉलनीत सराव. शांत जागा, झाडं, बसने सोयीचं. रायफल म्हणून मोठी छत्री नेली. पाय फाकवून उभं राहायचं, खांद्याला दस्ता, श्वास अर्धा सोडायचा. समोरच्या झाडावरच्या एका फळावर नेम धरला. मागे तबेल्यातल्या दोन म्हशी येऊन थांबल्या, हललो तर बिथरतील म्हणून तसाच उभा राहिलो. तेवढ्यात एक वॉचमन आला आणि म्हणाला, साहेब, बिबट्याला छत्रीने काही होत नाही.

कंबर धरली. याला सरावाचा धक्का म्हणतात.

२६ नोव्हेंबर

निर्णय झाला. तीन तोळे. उजवा खिसा.

कारणं: एक, नारळाचं सोडण, म्हणजे वरची साल, आणि करवंटी दोन्ही फोडायला दम हवा. दोन, मोठ्या घराला मोठी गोळी शोभते. तीन, डाव्या खिशाला भोक पडलं आणि सव्वादोन हरवलं.

राजेशला व्हॉइस मेसेज पाठवला: नानांची काडतुसं तीन तोळ्यांच्या गोळीने भरायला सांग, त्याहून हलकी मी उडवणार नाही. नेम फांदीच्या जरा वर धरणार आहे, कारण जड गोळी खाली झुकते. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. भारावला असणार.

३० नोव्हेंबर

गावात चर्चा दिसते. आज तीन जणांचे फोन. एकाने विचारलं, चंदू, तू नक्की येतलंस? दुसऱ्याने विचारलं, नेम खंय धरतलंस, फांदीच्या वर? तिसरा म्हणाला, यंदा नाय इलंस तरी चलात, दगदग नको. किती काळजी करतात. राजेश मात्र फोन उचलत नाही. मत्सर, दुसरं काय.

वसुधाला म्हटलं, गावात माझी हवा झालीय. ती म्हणाली, जान्हवीचा स्वेटर घेतलात का?

८ डिसेंबर, गाव

सकाळी ट्रॅव्हल्सच्या बसने पोचलो. ओटीवर सगळे बसलेले. नाना खुर्चीत. वसुधाला बायकांनी आत नेलं, मुलांना अंगणात पिटाळलं. मला वाटलं सत्कार आहे.

नाना म्हणाले, चंदू, गोळी खंय आणलंस? मी खिशातून तीन तोळे काढून दाखवले.  मग राजेश उठला. हात जोडून म्हणाला, मी यंदा झाडार चढणंय नाय. त्याच्यामागे आणखी दोघं, आमी पण नाय.

मी विचारलं, झाडावर कशाला?

आता इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार. बारात गोळी नसते. कधीच नव्हती. काडतुसात दारू आणि वर काथ्याचा बोळा. गर्दीत बंदूक रोखून गोळी घालायला आमच्या वाडीतले लोक काय वेडे आहेत, असं नाना म्हणाले. नारळ दोरीला सुरगाठ मारून टांगतात, पानांत एक माणूस लपून बसतो, बार झाला की गाठ सोडतो. गेली पंचवीस-तीस वर्षं तो माणूस म्हणजे राजेश. मी फांदीच्या जरा वर जिथे नेम धरणार होतो, तिथे त्याचं डोकं असतं.

पोरांना हे सांगत नाहीत. मिसरूड फुटल्यावर, झाडावर चढवायच्या वर्षी सांगतात. मला सांगायचं ते बाबा सांगणार होते, ते राहून गेलं. पुढे मी जत्रेला आलोच नाही, आणि प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने सांगितलं असेल.

मी म्हटलं, पण मान... थोरल्याचा मान तुमच्याकडे गेला ना नाना. नाना खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, मेल्या, बंदूक धाकट्याची. झाड थोरल्याचा. देवाक नारळ कोण देता, तो मोठो. तुझो बापूस गिरणीतसून रजा घेवन येय, तो कित्याक? जत्रेतलो चाय पिवक?

 मान उगाच खाजवली.

नाना म्हणाले, राजेश बार काढतलो. तू चढ.

९ डिसेंबर, जत्रा (झोपण्यापूर्वी)

लोक जमण्याआधी चढवलं. खालून चौघांनी ढकललं. वसुधाला आतल्या बायकांकडून सगळं कळलं होतं. तिने एवढंच विचारलं की फांदीला ब्याण्णव झेपतील का. नाना म्हणाले, बापूसही बारीक नव्हतो.

तिसऱ्या फांदीच्या बेचक्यात बसायची जागा आहे. घासून घासून गुळगुळीत झालेली. मी तिथे बराच वेळ हात फिरवत बसलो. राजेशनेही ती झिजवली असणार, हे मला कळतं. तरी मला बरं वाटलं.

मग मुंग्या आल्या. तांबड्या. मानेवरूनच सुरुवात करतात. हलायचं नाही, ओरडायचं नाही.

खाली पालखी आली. ढोल थांबले. जान्हवी मला वसुधाच्या शेजारी दिसत होती, टाचा उंच करून सगळीकडे बघत होती. बंदुकीजवळ बघितलं, देवळाकडे बघितलं, वर मात्र बघितलं नाही. मी तिच्याकडेच बघत होतो.

तेवढ्यात बार झाला. सूचना न देता. मी दोन्ही हातांनी कान धरले आणि दोन्ही पायांनी फांदी. गाठ सोडायला तिसरा हात नव्हता.

नारळ पडला नाही. सगळं गाव वर तोंड करून उभं. राजेश बंदूक धरून उभा, नाना डोळे मिटून. मला गाठ सापडेना, सापडली तर सुटेना. शेवटी दातांनी ओढली. नारळ अगदी सावकाश, आपल्या सवडीने खाली गेला.  मग देवळाचा जुना मानकरी मोठ्याने म्हणाला, देव इचार करी होतो! आणि ढोल सुरू.

उतरवायला सहा जण लागले. नाना म्हणाले, बापसान पयल्या वर्षी नारळ बाराआधीच सोडल्यान, तू बरो. पुढल्या वर्षी ये.

११ डिसेंबर, मुलुंड

मान सुजलेली. वसुधा लोशन लावते आणि हसते. ऑफिसात सांगितलं, बार झाला, नारळ पडला. दोन्ही खरं आहे. सुबोधने विचारलं, गोळी किती ग्रेनची ठेवलीत शेवटी? मी म्हटलं, ते गावचं गुपित आहे. तेही खरंच.

संकल्प: पुढच्या जत्रेपर्यंत दहा किलो कमी. उद्यापासून. शिसं खिडकीत ठेवलंय, पडदा वाऱ्याने उडू नये म्हणून. उपयोगी आहे.

एकच गोष्ट लिहायची राहिली. परतीच्या बसमध्ये जान्हवी खिडकीकडे तोंड करून बसली होती. विचारलं तर म्हणाली, सगळी गर्दी शोधली, बाराच्या वेळेला तू होतास कुठे? तू म्हणाला होतास तू उडवणार. मी वसुधाकडे बघितलं. वसुधा पदर सारखा करत म्हणाली, बाबा चहाला गेले होते.

मी म्हटलं, हो. चहा चांगला होता.

जान्हवी अजून माझ्याशी बोलत नाही.